पिवळं किती हवंय

उजव्या डोळ्याचं झालंय. डाव्याचं
पुढच्या महिन्यात, संक्रांत झाली की.
तोवर माझी दोन पुणी आहेत:
उजव्यातलं निळसर, आत्ताच घासून
पालथं घातलेल्या स्टीलच्या पातेल्यासारखं,
आणि डाव्यातलं जुनं,
चहात बुडवून दोरीवर वाळत टाकलेलं.

टिळक रोडवरच्या दुकानात
पोराच्या छातीवरच्या पट्टीवर नुसतंच 'शिळीमकर'.
त्यानं काउंटरवर तीन यंत्रं मांडली,
दसऱ्याला पाट्या मांडाव्यात तशी.
"काकू, ही सहा इंची, ही सात, हिला कडेला बटणं,
ही पाण्यात पडली तरी चालते."
मी म्हटलं, मी पाण्यात वाचत नाही.
तो हसला नाही. बरा वाटला.

पहिलं सुरू केलं. पांढरं फटक.
दवाखान्याच्या बोळकांडीत
अक्षरं नंबर लागायची वाट बघत उभी.

दुसऱ्यावर त्यानं बोटानं एक रेघ ओढली
आणि पान हळूहळू पिकत गेलं.
"पिवळं किती हवंय? शून्य ते चोवीस."

असं मला कुणी कधी विचारलं नव्हतं.
शनिवार पेठेत बोराट्यांच्या छापखान्यात
छत्तीस वर्षं मुद्रितं तपासली,
तिथे पिवळं असेल तेवढं असे.
चाळीसचा बल्ब, वायरला गाठ मारून खाली ओढलेला,
ओलसर प्रुफं, कोपराला शाई,
ती घरी येऊन भाकरीच्या पिठाला लागे.
रसूलभाई खिळे उलटे घडाघडा वाचायचे
आणि सुलट्या पानावर अडखळायचे.
मी त्यांना हसायचे. तेही मला,
कारण मी हॉटेलातलं मेनूकार्डही
पेन्सिल घेऊन वाचायचे.

उजवा डोळा झाकला. शून्यावरचं पान,
तरी पिवळट.
डावा झाकला. तेच पान, दुधाळ, परकं.
मग डावा तसाच झाकून म्हटलं, वाढव.
नऊ. बारा. अजून. पंधरा. थांब, थोडं अजून.
सतरा.
उजव्याला सतरावर जे दिसत होतं
ते डाव्याला फुकट, शून्यावर.
"कुठल्या डोळ्यासाठी घेताय, काकू?"
त्यानं सरळ मनानं विचारलं
आणि मला सरळ उत्तर देता येईना.

मग मजकूर वाचला. खोड.
तिसऱ्या ओळीत 'आर्शिवाद'.
रफार 'वा'वरून उतरून 'शि'च्या डोक्यावर बसलेला,
वेलांटी पहिली.
हात आपसूक कानामागे गेला.
"काचेवर लिहू नका हं."
अरे, मग खूण कशी करायची?
त्यानं शब्द बोटानं दाबून धरला,
मागे करड्या रंगाची पट्टी उमटली.
यंत्र चूक दुरुस्त करत नाही,
नुसती लक्षात ठेवते.
आमच्या घराण्यासारखंच.

तिसरं स्वस्त होतं, त्यात पिवळं नव्हतंच.
ते मी हातातसुद्धा घेतलं नाही.

घरी आले. जयवंत पलीकडच्या खोलीत,
नाकावर घोरण्याचं यंत्र लावून.
बत्तीस वर्षं "दिवा मालव आता" म्हणणारा माणूस,
आता दोन भिंतींपलीकडून
नुसता समुद्रासारखा येतो-जातो.
ज्या उजेडावरून इतकी भांडलो
तो आता हातात मावतो, कुणाच्याच डोळ्यांवर येत नाही,
आणि विझवायला सांगायला कुणी नाही.

डॉक्टर म्हणतात, डाव्याचं झालं
की सगळे रंग परत मिळतील.
मिळोत. निळ्याशी माझं वैर नाही.
पण त्या दिवशी जो एक जाईल
त्याचं नाव त्यांच्या कागदांवर कुठेच नाही,
म्हणून दुकानाच्या बिलामागे
पेन्सिलनं लिहून ठेवलंय,
ठळक, गोल करून:
सतरा.