सेकंडचा टॉवेल

आज चौथा दिवस, म्हणजे नळाचा.
पहाटे राजमणीने मला हलवून उठवलं.
हाक मारून उपयोग नसतो, तिला ठाऊक आहे.
छत्तीस वर्षं चौदा मागांच्या शेडमध्ये उभा होतो,
कान तिथंच राहिले,
साखर पेठेतल्या पत्र्याखाली.

बॅरल भरलं, कळशा भरल्या.
आता पितळी घंगाळातलं ऊन पाणी हिचं एकटीचं.
राजमणी मोरीत पाय पसरून बसते,
नडग्यांवर पोरगी पालथी.
लावण्या बिडीचे हात आधी राखेनं घासते,
मग लिंबानं, मग साबणानं,
बोटं नाकाशी नेते
आणि पुन्हा साबण घेते.

टॉवेल घडी करण्याआधी उजेडात धरून बघायचो,
तशी मी हिला बघतो.
मनगटावर एक वळी,
कुणीतरी दोरा बांधून सोडायला विसरल्यासारखी.
मांडीवर अशा तीन.
मानेच्या घडीत काल दुधाचं दही निघालं,
पुसण्याआधी राजमणीनं ते घरभर दाखवलं.
पाठीवरची लव
हात फिरवू त्या अंगाला झोपते.
कानामागे तीळ. माझ्या आईचा, मी म्हणतो.
लावण्याच्या माहेरचे म्हणतात, अक्कलकोटच्या काकांचा.
बारशापासून वाद चालू आहे.

मंगळवारी तिला तिचा हात सापडला.

भर दुपार, लाईट गेलेली,
विनीत पुठ्ठ्यानं बहिणीला वारा घालत होता.
एक मूठ डोळ्यांसमोरून गेली.
ती थांबली. मूठही थांबली.
मूठ गेली, परत आली,
धोटा येतो तशी, कुणी न बोलावता.
दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या बराच वेळ.
शेवटी तिनं तोंडात घालून चौकशी केली.

राजमणीनं लगेच गोवर्धनला फोन लावला.
तो एमआयडीसीत, पाळीवर,
मागांच्या आवाजात त्याला काही कळेना.
"हात! अरे, हात!" ही ओरडतेय,
तर शेजारच्या येमूलबाई पिठाच्या हातांनी धावत आल्या:
कुणाचा गेला मशिनीत?
मग पोरीची ओली मूठ बघून
उंबऱ्यातच बसल्या, हसत, रडत,
पीठ गालाला लागलेलं.
(हे सगळं मला विनीतनं नंतर करून दाखवलं,
येमूलबाईंसकट.)

आंघोळ झाली. टॉवेल आण, राजमणीची खूण.
हा टॉवेल सेकंडचा.
माझ्याच पाळीतली चूक आहे ती, शेवटच्या वर्षातली.
कोपऱ्यात धागा तुटला, मला कळलं नाही,
माग चालत राहिला वीतभर.
परदेशी जायचा माल, परत आला,
पगारातून कापून घरी आला.
धुऊन धुऊन असा मऊ झालाय
की दुकानातला नवा हिला टोचतो.
आणि आज हिला तीच जागा सापडली.
सुटलेल्या फासात बोट घातलं,
ओढलं, धागा आला,
अजून ओढलं, अजून आला,
तिचं तोंड उघडं ते उघडंच.

ती हसते तेव्हा आता आवाज येतो म्हणे.
मी पोटावर हात ठेवला.
ओलं, गरम, बेंबीपाशी जरा उचललेलं,
आणि आतून ठक, ठकठक,
कांडी बदलून माग पुन्हा धरतो तसं,
तळहातापासून माझ्या कोपरापर्यंत.

हात काढा, राजमणी खुणावते, पावडर लावायचीय.
अजून एकदा, मी म्हणालो.
फार मोठ्यानं म्हणालो असेन.
सगळे दचकले,
पोरगी सोडून.