रीतिभूतकाळ

डिचोलीच्या बाजारात, भजीच्या दुकानावर
माझी शिकवणी. खालून तळणाचा वास,
वर दहावीची अकरा मुलं
आणि फळ्यावर धड्यातलं एक वाक्य:
शी वुड लीव्ह द लॅम्प ऑन.

वुड म्हणजे लाकूड ना, सर?
हशा. प्रज्योत गावस हसत नाही,
त्यानं खरंच विचारलंय.

गाईडात लिहिलंय: विलचा भूतकाळ.
तेवढ्यानं दिवा लागत नाही.
लेखिकेनं नुसतं 'लेफ्ट' लिहिलं असतं
तर एका रात्रीची गोष्ट झाली असती,
असेल विसरली बटण बंद करायला.
'यूज्ड टू' लिहिलं असतं
तर दिव्याआधीच कळलं असतं की आता ठेवत नाही.

मराठीत बघा, मी म्हणतो. ठेवायची. ठेवत असे.
आमच्या बाई तर शिकवत, ठेवी.
(हे 'शिकवत'सुद्धा तेच. कोणाच्या लक्षात येत नाही.)
दवरताली, म्हणते दीक्षिता पर्येकर,
आणि सगळ्यांना एकदम समजतं.
मला जरा रागच येतो,
इतका खडू झिजवल्यावर.

मग ती कधीपासून थांबली, सर?
ते वाक्यात नाही.
लिहायचं राहिलं?
राहिलं नसेल रे, मी म्हणतो,
आणि घड्याळाकडे बघतो.

घरचा अभ्यास: वुड घालून पाच वाक्यं.

रात्री वह्या. आम्ही क्रिकेट खेळायचो.
आम्ही रोज समुद्रात पोहायचो,
डिचोलीहून! खोटं आहे, व्याकरण बरोबर.
प्रज्योतचं पाचाच्या जागी एकच:
माय फादर वुड वॉश द ट्रक ऑन संडेज.
स्पेलिंग लाकडाचं.

तो ट्रक मी बघितलाय. खाणीची लाल धूळ,
आणि डिझेलच्या टाकीवर पिवळ्या रंगात
याचंच नाव, 'ज्यो'चा काना पुसट.
आता त्यांच्या अंगणात माडाखाली
गवत न उगवलेले दोन पट्टे आहेत.
वडील घरीच असतात.

एक ओ खोडतो. वर बारीक यू, मग एल.
एल उच्चारायचा नाही, समासात लिहितो,
पण लिहावा लागतो.