उसनं नाक

देवकामावशी बाजाराच्या दिवशी निंबाखाली बसते.
पोतं, शेगडी, शेगडीत लाल झालेलं उलथणं,
आणि फुटक्या मगांच्या, टोपल्यांच्या कापलेल्या पट्ट्या,
रंगानं नाही, जातीनं लावलेल्या.

जात वासानं कळते.
कोपरा जाळायचा, विझवायचा, धूर नाकाशी न्यायचा.
विझल्या मेणबत्तीसारखा आला तर बादली,
तिला बादलीचीच पट्टी.
थोडा गोडूस आला तर खुर्ची.
"दोन्ही दिसाले सारख्या, पर एकमेकीले धरत नाही."
केस जळल्यासारखा आला तर नायलॉनचा दोर.
डोळ्यांत मिरची गेल्यासारखं झालं तर पाइप:
तो लगेच विझव, तोंड फिरव.

दोन हिवाळ्यांमागं ताप आला
आणि जाताना तिचं नाक घेऊन गेला.
तव्यावर भाकर करपायची, ती बघतच राहायची.
कोणाला सांगितलं नाही.
फक्त पुढच्या बाजारात तीन बादल्या परत आल्या,
सांध्यावर उकललेल्या,
आणि पैसे परत देताना ती नोटा उगाच दोनदा मोजत होती.

"पोरी, जराक इकडं ये.
हे कशावानी येते सांग."
असं मी माझं नाक तिला उसनं दिलं.
मी धूर घ्यायची, नाव सांगायची,
ती उलथणं फिरवायची.
दोघींत मिळून एक कारागीर.

एकदा कुकरचा तुटका काळा दांडा आला.
मावशीनं हातात फिरवला, परत दिला.
"हा एकदा भाजला थो भाजला. मडक्यावानी.
आता करपन, पर वितळनार नाही.
वितळते त्यालेच जोडता येते, बाई."

आता यवतमाळात तेच शिकायला
सरांना अख्खा तास लागतो.
फळ्यावर साखळ्या:
एकच मणी, पुन्हा तोच, पुन्हा तोच, लाखभर.
साखळ्या सुट्या असल्या तर उष्णतेनं सरकतात,
आडव्या गाठी पडल्या की सरकत नाहीत.
मी वहीत लिहिते, आकृती काढते,
आणि वर्गात मला कुठून तरी मेणबत्तीचा वास येतो.

सर म्हणाले, कापूससुद्धा साखळीच आहे.
साखरेचे मणी, झाडानं ओवलेले.
मी मागच्या बाकावर हसले.
एकदा शेगडीत उडून पडलेल्या बोंडाचा धूर घेऊन
मी म्हणाले होते, "कागद."
मावशी म्हणाली होती, "हट्, कापूस हाये थो,
मले डोये हायेत ना अजून."

सुटीत गावी येते तेव्हा
जिनिंगच्या रस्त्यानं बाभळी पांढऱ्या दिसतात.
काट्यांना गाड्यांतून उडालेला कापूस,
काट्यांनाच कॅरीबॅगा.
एसटीच्या खिडकीतून दोन्ही एकच.
पुढच्या आखाडात कापूस मातीत जाईल.
दुसऱ्याचं मला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही.

बाजाराच्या दिवशी होस्टेलवर फोन वाजतो.
"हिरवी झारी हाये. जाळली. आता बोल."
"मावशी, फोनवर वास येत नाही."
"मंग?"
"तुकडा पाण्यात टाक."
थांबते. मागं कोणी वांग्यांचा भाव ओरडतो.
"तरंगते."
"नखानं ओरखड."
पुन्हा थांबते.
"वरखडा पडला बाप्पा!"
"मग बादलीची पट्टी लाव."

ती फोन ठेवायचं विसरते.
मी ऐकत राहते:
उलथण्याचा चर्र आवाज,
आणि कोणाशी तरी तिचं बोलणं,
"पोरगी शिकते ना आमची.
नाक हाये थे माह्यं."