फॉर्मवरची चौथी ओळ

अहवालात लिहिलंय, संस्थेची स्थापना सात सभासदांनी केली.
खोटं नाही. पण स्थापना वगैरे काही झाली नव्हती.
फिलोमेनाच्या लाँड्रीतला ड्रायर चाळीस मिनिटं घ्यायचा,
आणि माझ्या पिशवीत एक सरकारी पत्र होतं
जे मी आठ दिवस उशाखाली घेऊन झोपले होते,
उबवलं की अर्थ बाहेर येईल, तशी.

फिलोमेनानं हात पुसले. वाचलं.
"घाबरू नकोस, दाताच्या डॉक्टरची वेळ दिलीय."

पुढच्या शनिवारी मी शेजारणीला नेलं,
तिनं दिराला, दिरानं शीतगृहातल्या एस्पेरान्सला,
एस्पेरान्सनं तर अख्खी रात्रपाळीच आणली.
कुणाकडे धुवायला काही नसायचं,
मग एकच स्वच्छ टॉवेल दर आठवड्याला
पुन्हा धुवून न्यायचे, लाजेकाजेखातर.

खुर्च्या चार. नासपतीची खोकी पालथी घातली की अकरा.
बागमालकाच्या नावाचा शिक्का
सगळ्यांच्या बुडाखाली,
याचं आम्हाला कोण समाधान!

पहिला फॉर्म मी केला, पट्टीनं रेघा मारून.
आई. वडील. मुलं.
तीन ओळींत घर मावतं, असं मी जाघोरीहून शिकून आले होते.
लोसालीने आली, टोंगाची:
बहिणीची तीन पोरं,
गेलेल्या नवऱ्याच्या आधीच्या बायकोचा एक,
आणि विमानात शेजारी बसलेली एक म्हातारी.
म्हटलं, हिचं नातं काय लिहू?
"आमच्यात जेवते."
तेच लिहिलं. चौथी ओळ तिथून सुरू झाली.

मग मेरिन आणि इंगा, कडेवर तापलेलं बाळ.
'वडील' या शब्दावर त्यांनी काट मारली नाही,
नुसतं माझ्याकडे पाहिलं.
काट मी मारली. पेन अडखळलं, खोटं कशाला सांगू.
माझ्या आईला हे कळलं असतं तर?
पण थर्मामीटर एकशेतीन दाखवत होतं
आणि फिलोमेना बर्फ फोडत होती.

गोलबर्न नदी चढली त्या रात्री
बोटवाल्यानं विचारलं, खालच्या गल्लीत कोण कोण राहतं?
मी वही उघडली.
सहा नंबरचा कामावर आहे, बायको पोहत नाही.
नऊ नंबर गणवेश बघून दार उघडणार नाही,
एस्पेरान्सला हाक मारायला लावा.
दहा नंबरात म्हातारी आहे, कागदोपत्री कुणाचीच नाही.
तिला आधी काढा.

त्यानंतर अनुदान आलं.
काचेचं दार, टोकनचं यंत्र, एकेचाळीस भाषांचे दुभाषी,
पगारी माणसं, त्यांच्या पगाराची काळजी.
खोकी गेली. मीही आता चष्म्यावरून बघते.

परवा टोकन बासष्ट.
हिरव्या खुर्चीत फिलोमेना, हातात पाकीट.
काउंटरवरचा पोरगा सौजन्यानं विचारतोय, भाषा कोणती?
साठ वर्षांची इंग्रजी तिच्या डोक्यातून
चाळणीतून पाणी जावं तशी गेलीय.
उरलीय कॅलाब्रियातल्या डोंगरावरची एक बोली,
आमच्या एकेचाळिसांत नसलेली.

"तुमचं यांच्याशी नातं?" त्यानं मला विचारलं.
नवा आहे. मी त्याला ओळखत नाही, तो मला.
"कपडे एकत्र धुतलेत."
त्यानं पडद्यावर जागा शोधली.
जागा होती.

पत्र मी वाचलं.
दाताच्या डॉक्टरचं नव्हतं ते.
तिनं माझ्या तोंडाकडे बघत विचारलं काहीतरी,
आणि मी, तिला न कळणाऱ्या हजारगीत,
आठ दिवस उशाखाली ठेवलेल्या त्या कागदाची
गोष्ट सांगायला लागले.
तिनं हात पुसले. कोरडेच होते.