हल्लू, हळू

अक्काताईला तीन दात उरलेत.
खाली दोन, वर एक, एकमेकांची गाठ न पडणारे.
निपाणीच्या वखारीत एकतीस वर्षं तंबाखू निवडली,
तिथलीच चिमूट तव्यावर भाजून हिरड्यांना लावली.
आता मुलगा पुण्यात, आणि मिश्रीची डबी
ऑफिसच्या कपाटात, मेलेल्यांच्या चष्म्यांशेजारी.

कस्तुरी आली पौषात, यमकनमर्डीहून.
मऊ ब्रश, मिठाचं कोमट पाणी, गळ्याशी टॉवेल.
"बायी तगीरी," म्हणते.
अक्काताई खूश.
वखारीत मुकादम नुसतं "ए" म्हणायचा;
ही पोर बाई म्हणते.
त्या खुशीत तोंड उघडतं, तेवढ्यात काम होतं.

मग दातावर बोट ठेवून विचारते, "हल्लू?"
"व्हय गं, हळू. हळूच कर."
आणि ती हळू करते.

मी शेजारच्या खाटेवर. माझे सगळे दात वाटीत,
वाटीवर नेलपॉलिशनं नाव.
नाव नव्हतं तेव्हा दोन दिवस
मी पाटणेकरणीच्या दातांनी जेवले,
ती माझ्या दातांनी मला शिव्या देत होती.

मला कानडी येतं. शहापुरात आमचे माग होते,
सूत देणारा गदगचा.
बायी म्हणजे तोंड, हल्लू म्हणजे दात:
कितीदा ओठांवर आलं, गिळलं.
चौकात पाटीला काळं फासलं
की इथं दूध उशिरा येतं.
अजून काय उशिरा यायला हवंय?

बुधवारी दातांच्या कॉलेजची पोरं आली, बॅटऱ्या घेऊन.
वरचा हलतोय, काढावा लागेल.
"आजी, तोंड उघडा," स्वच्छ मराठीत.
अक्काताईच्या ओठांना कुलूप.
"आ करा, आजी, आ."
शेवटी कस्तुरीला स्वयंपाकघरातून बोलावलं,
हात पुसत आली, म्हणाली, "बायी."
उघडलं.

दात निघाला. कस्तुरीनं तो धुऊन
तिच्या तळहातावर ठेवला. "हल्लू."
अक्काताई त्या काळ्या मुळाकडे बघत राहिली.
पोरं गेल्यावर कापसाच्या बोळ्यातून मला म्हणाली,
"म्हाईत हाय मला त्याचा अर्थ.
कानडी बायांच्यातच बसून होते की वखारीत.
कानाला बरं वाटतंय तर ऐकावं की गं."

रात्री तिला पातळ पेज आली, मला भाकरी.
मी दात वाटीतच राहू दिले
आणि भाकरी आमटीत कुस्करत बसले.