बारदान वजा

सिव्हिलच्या त्या खोलीत ट्यूब सारखी फडफडत होती.
ईश्वरी कान दाबून माझ्या शर्टात शिरलेली.
साहेबांनी कार्ड दाखवून विचारलं, हा कुठला रंग?
ती बोलली नाही.

तिला रंग येतात.
पिवळ्यातलेच चार येतात.
पण पंखा, ट्यूब, पडद्यापलीकडं कुणाचं तरी रडणं,
आणि हनुवटीला धरून तोंड वर करणारा परका हात.

कागदावर आकडा पडला. टक्के.

मी मार्केट यार्डात तोलाईदार,
बावीस वर्षं हळदीचा आकडा पुकारतोय.
म्हणून म्हटलं, साहेब,
बारदान वजा केलं का?
हळद वेगळी, पोतं वेगळं.
पोतं ओलं असलं तर अजून थोडं सोडतो आम्ही.

ते हसले नाहीत. पुढच्या नंबराला हाक मारली.

रिक्षातली बाई म्हणाली, बोलत न्हाई व्हय पोरगी?
हिची आई म्हणाली, "बोलतीय की. मी ऐकतो."
मग स्टँड येईस्तोवर कुणीच काही नाही.

आमच्या घरात कुठल्याच कपड्याला लेबल नाही.
आईनं ब्लेडनं उसवलीत सगळी,
माझ्या शर्टांचीसुद्धा,
कारण उचलून घेतलं की माझी कॉलर
तिच्या गालाला लागते.
भाताला आमटी शिवली की जेवण संपलं.
कुकरची शिट्टी व्हायच्या आत तिला घेऊन गच्चीवर जायचं,
हे काम माझं.
कधी विसरतो. मग अख्खी संध्याकाळ जाते,
आणि शेजारचे खिडकी लावून घेतात.

आज रविवार. यार्ड बंद.
शेडच्या कोपऱ्यात मोडीत काढलेला तबकडीचा काटा,
त्यावर ती उभी, अनवाणी,
तळव्यांना पिवळी धूळ.
काटा हलतोय तोवर कुणी बोलायचं नाही, हा तिचा नियम.
पारवे घुमतात पत्र्याखाली,
ते तिला चालतं.

काटा थरथरतो, खाली येतो,
परत जरासा वर.

खरं सांगायचं तर बावीस वर्षांत
तो पुरता थांबेपर्यंत मी कधी थांबलोच नाही.
अंदाज आला की ओरडायचो.
मागं गाडी उभी असायची,
अडत्याला घाई, शेतकऱ्याला एसटी गाठायची.

आत्ताही तोंड उघडलंच होतं मी.

"हलतोय अजून," ती म्हणाली.