वाटोळं

फॉर्मवर दोनच चौकटी होत्या : लांबी, रुंदी.
टेपचं टोक मी भिंतीला लावलं
आणि भिंत वळून निघून गेली.

आर्डिस क्वामे हसली. वय एक्याऐंशी,
पायात मुलाचे बूट,
हातात एक किल्ली, जिचं कुलूप
गेल्या हिवाळ्यात कडीसकट गळून पडलं.
"सगळे असंच करतात," ती म्हणाली,
"आधी कोपरा शोधतात."

विस्कॉन्सिनच्या या टेकड्यांत वारा वायव्येकडून येतो,
चौकोनी गोठ्यांना खांद्याला धरून हलवतो.
इथे आला की मात्र
त्याला धरायला काही सापडत नाही.

तिच्या आजोबांनी, गुंडरनी,
शेतात एक खुंटी ठोकली,
खुंटीला दोरी, दोरीला पहार,
आणि चालत चालत परत आले स्वतःपाशी.
एवढाच नकाशा.
फळ्या तीन आठवडे ओढ्यात बुडवून ठेवल्या,
वाकायला शिकेपर्यंत.
शेजारी कुंपणावर रेलून म्हणाले, याचं वाटोळं होणार.
(नॉर्वेजियनमध्ये नेमकं काय म्हणाले, देव जाणे.
माझ्या भाषेत शब्द तयारच होता,
गोलही तोच, सत्यानाशही तोच.)

आत गेलो.
मधोमध लाकडी सायलो, थेट छपरापर्यंत,
भोवती तीस गाईंच्या जागा,
तोंडं आत, शेपट्या बाहेर,
मुख्य पाहुण्याभोवती पंगत बसावी तशा.
वर एवढं मोठं छप्पर, आणि खाली खांब म्हणून नाही.
वासे एकमेकांच्या भरवशावर उभे,
शेवटी सगळ्यांची डोकी एका काचेच्या टोपडीत.
तिथून पडलेला उजेड
दिवसभरात सायलोभोवती एक फेरी मारतो.
मी लिहिलं : वासे साठ. मग पुन्हा मोजले. एकसष्ट.
कुठून सुरुवात केली होती, तेच विसरले.

"एक्कावन्न सालच्या हिवाळ्यात," आर्डिस म्हणाली,
"आईबाबा एकमेकांशी बोलत नव्हते."
कारण तिला ठाऊक नाही.
ट्रॅक्टर असेल. एखादं पत्र असेल.
पहाटे चारला दोघं धारा काढायला यायचे.
बोर्घिल्ड पहिल्या गाईपासून, टिल्मन सोळाव्या,
दोघं डावीकडे सरकत, सारख्याच वेगानं,
मध्ये सायलो.
एका छपराखाली चार महिने
कोणी कोणाच्या नजरेला पडलं नाही.

आवाजाचं मात्र तसं नव्हतं.
गोल भिंत काही पोटात ठेवत नाही.
तो खोकला की तिच्या कानाशी.
तिच्या बादलीत पहिली धार वाजली
की त्याचे हात थांबायचे.
"मी वर गवतात. फळ्यांच्या फटीतून
मला दोघंही दिसायचे.
घड्याळाचे काटे, पण बारा कधी वाजायचेच नाहीत."

मग?

"मग मार्चमध्ये डॅगनीनं बादली लाथाडली.
गाय होती ती. खट्याळ.
बाबा फडकं आणायला उलटे फिरले."

मी वाट पाहिली.
बाहेर कुणाचा तरी ट्रक चढ चढला, गिअर बदलला, गेला.
आर्डिस वैरणीच्या खिडकीचं दार उघडबंद करून दाखवत होती,
बिजागरी मूळचीच आहे म्हणाली, हे लिहा.
मी लिहिलं.

शहाऐंशीत गाई लिलावात गेल्या.
ज्यानं घेतल्या, त्याचा फोन आला होता :
यांना काय झालंय? सरळ बोळातून जाताना
सगळ्या जरा डाव्या अंगाला झुकतात.

लांबीच्या चौकटीत मी शेवटी
दोरीची लांबी लिहिली. तीस फूट.
रुंदी तशीच राहू दिली.

निघताना दार सापडेना.
जागा, जागा, जागा, सायलो, जागा,
आणि आर्डिस दिसत नव्हती कुठेच,
पण अगदी कानाशी, हळू आवाजात म्हणाली,
"मागे गेलं ते."